झाकण लावलेली पेटी

९ जानेवारी

ताई,

नमस्कार आधी, रडगाणं मागून.

फोन सोडून पत्र काय लिहीत बसतोस, असं तू विचारलंस. कारण साधं आहे. घरात फोन एकच आणि तो ऑर्डरींचा. तुझ्या भावजयीचा हुकूम आहे की दिवसभर त्याला हात लावायचा नाही. न जाणो, आपण गप्पा मारत बसलो आणि नेमकी तेव्हाच कुणाची तरी साखर संपली तर! संध्याकाळनंतर फोन आपला, पण तेव्हा तुझी झोपायची वेळ. शिवाय तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अर्धा वेळ 'ऐकू येतंय का' यातच जातो. तर फोन मोकळा ठेवतो. हल्ली तो जरा जास्तच मोकळा असतो.

दुकान बंद करून घरपोच किराणा सुरू केल्याला वर्ष होत आलं. गाडी एका बेकरीवाल्याची जुनी घेतली, हे तुला माहीत आहे. मागचं दार उघडलं की अजून पावाचा वास येतो. बाहेरच्या केकच्या चित्रावर मी रंग मारून 'घरपोच किराणा' लिहून घेतलं, पण ऊन तिरपं पडलं की अक्षरांच्या मागून केक दिसतो. मागच्या आठवड्यात एका बाईने केकच मागितला. नाही म्हटल्यावर तिला फार वाईट वाटलं आणि तिने किराणाही घेतला नाही.

गंमत सोड. अडचण अशी आहे की पहिली ऑर्डर सगळे देतात. दुसरीही देतात. मग हळूहळू गप्प होतात. भांडण नाही, तक्रार नाही, मालाबद्दल एक वाकडा शब्द नाही. रस्त्यात भेटले तर हसतात. पण फोन करत नाहीत. आठवड्याला ठरलेला माल घेणारी, म्हणजे बांधलेली गिऱ्हाइकं, तीच माझ्याकडे टिकत नाहीत. आणि या धंद्यात तीच भाकरी देतात, बाकीचे नुसते तोंडी लावायला.

बरं, मी मेहनतीत कमी पडतो म्हणावं तर तेही नाही. मोठ्या दुकानाची पोरं येतात, दारात पिशवी टाकतात, घंटी वाजवतात आणि पसार होतात. मी तसं करत नाही. मी आत जातो. सरळ स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ तांदळाच्या डब्यात, पीठ पिठाच्या डब्यात ओतून देतो. डबे हलवून बघतो. साखर अर्धा डबा असेल तर मीच सांगतो, या खेपेला साखर नको, उगाच मुंग्या होतील. असा दुकानदार कुणाला मिळतो सांग! बाबा असंच करायचे. त्यांचं बघूनच मी शिकलो.

तुझ्या भावजयीच्या भावाने माझ्यासाठी मोठ्या दुकानाच्या गोदामात जागा बघून ठेवली आहे. खुर्ची, पंखा, महिन्याचा पगार. एप्रिलअखेर हो की नाही सांगायचं आहे. तोवर पुरेशी घरं बांधली गेली तर गाडी चालू राहील, नाहीतर विकायची, असं आमचं दोघांचं ठरलंय. मला त्या खुर्चीची भीती वाटते, हे तुलाच सांगतो. तिला सांगितलं नाही.

भाऊजी गेल्यापासून तू एकटी. जेवतेस ना वेळेवर? रविवारी गाडी बंद असते. एखाद्या रविवारी आम्ही दोघं येऊन जाऊ का?

धाकटा


२१ जानेवारी

धाकट्या,

रडगाणं पोचलं. सूर लहानपणापासून आहे तोच आहे, पण या खेपेला निदान कारण खरं आहे.

आधी माझं सांगते, म्हणजे तू पुन्हा विचारणार नाहीस. मी मजेत आहे. रोज दोन भाज्या करते, एक सकाळी, एक संध्याकाळी. दूध घेते. कपडे घट्ट व्हायला लागलेत. येण्याचं म्हणशील तर इतक्यात नको. घराच्या रंगाचं काम काढलंय. सगळं सामान मधोमध ओढून ठेवलंय, बसायला जागा नाही. रंग झाला की मीच कळवीन.

आता तुझं. वर्षभर गप्प बसून गिऱ्हाइकं जाताना बघत राहिलास आणि एकालाही विचारलं नाहीस की बाबा, का सोडलंस? दवाखान्याच्या खिडकीत मी आयुष्य काढलं. पेशंट यायचा बंद झाला की डॉक्टर म्हणायचे, बरा झाला असेल. मी म्हणायचे, दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असेल. बहुतेक वेळा माझंच खरं निघायचं. तुझी गिऱ्हाइकं जेवायची थांबलेली नाहीत. कुठून तरी माल घेतच असतील ना?

तेव्हा लाज सोड आणि जाऊन विचार. हात जोडून नको, भांडूनही नको. सहज विचार. आणि ते काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द लिही. तुझ्या मते ते काय म्हणाले, ते नको. ते खरोखर काय म्हणाले, ते हवं.

गोदामाच्या खुर्चीबद्दल: खुर्चीला घाबरणारा तू पहिलाच. पण मला कळलं.

ताई


७ फेब्रुवारी

ताई,

गेलो. विचारलं. काही हाती लागलं नाही. तरी तुझ्या हुकुमाप्रमाणे शब्दन् शब्द लिहितो.

आधी शिंपीणबाई. आमच्या मागच्या गल्लीत बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र आणि आतल्या खोलीत संसार, अशी राहते. कामात चोख, बोलण्यात तिखट. ती म्हणाली, "सध्या भरपूर पडलंय घरात. लागलं की सांगते." ताई, हे साफ खोटं. शेवटच्या खेपेला मीच तिचे डबे बघितलेत. मिठाचा सोडला तर सगळे रिकामे! मी तर तिथूनच ओरडलो होतो, "अहो बाई, डबे तर खडखडीत झालेत, बोलावायचं नाही का आधी!" बाहेर माप द्यायला आलेल्या बायका हसल्यासुद्धा. एवढं खेळीमेळीचं आमचं. आणि आता म्हणते भरपूर पडलंय.

दुसरे घड्याळवाले. जुनी घड्याळं दुरुस्त करतात, दुकानावरच्याच खोलीत राहतात. त्यांची बायको मागल्या वर्षी मुलीकडे म्हणून गेली ती परत आली नाही. आजारपण की आणखी काही, मी विचारलं नाही. म्हातारा माणूस, पण माल दोघांचा घ्यायचा. मला ते बघवेना. एकदा कपाट उघडून दाखवलं, म्हटलं, "अहो, हे बघा, मागचंच पडलंय. एकट्याला एवढं कशाला? मी अर्धंच देत जातो." आणि खरंच अर्धं केलं. माझंच नुकसान, पण माणसाने माणसासारखं वागावं. ते काल म्हणाले, "मुलगा आणून देतो हल्ली." त्यांना मुलगा नाही. एकच मुलगी.

तिसरी नर्सबाई. एकटी राहते. ड्यूटीवरून आली होती, दार अर्धंच उघडलं. म्हणाली, "माझ्या वेळा बदलल्या." तिच्या फळीवर मी पहिल्या दिवशी फक्त बिस्किटांचे पुडे बघितले होते. धाकट्या बहिणीला रागवावं तशी रागावलो होतो मी तिला. "दुसऱ्यांना औषधं देता आणि स्वतः बिस्किटांवर राहता?" तेव्हा हसली होती.

आणखीही गेलो. कुणाचा भाचा माल आणतो, कुणाची सासू आली आहे. सगळ्यांच्या घरी एकदम पाहुणे आले म्हणायचे. मोठ्या दुकानाची पिशवी मात्र प्रत्येकाच्या दारामागे दिसली. माल माझ्यापेक्षा बरा नाही, भावही कमी नाही. मी आत नेऊन देतो, ते दारात टाकतात. तरी त्यांचीच पिशवी. तूच सांग, यात काय समजायचं?

तुझा रंग झाला का?

धाकटा


२ मार्च

धाकट्या,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र मी बरेच दिवस समोर ठेवलं होतं. लिहायला घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. तुला राग येणार आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

तू आत जाऊ नकोस. दारात थांब.

तुझ्या पत्रात सगळं लिहिलेलं आहे, तुला तेवढं वाचता आलं नाही. शिंपीणबाईकडे बायका माप द्यायला येतात. त्यांच्यासमोर ती घर चालवणारी बाई असते, कुणाचं देणं न लागणारी. तू आतून ओरडून सांगितलंस की तिचे डबे रिकामे आहेत. त्या बायका हसल्या, ती हसली का? ते तू लिहिलेलं नाहीस. घड्याळवाले दोघांचा माल घ्यायचे, कारण त्यांच्या हिशेबात त्या घरात अजून दोघं आहेत. तू कपाट उघडून त्यांना दाखवलंस की एकच आहे. नर्सबाई हसली म्हणतोस. दवाखान्यात आम्हीही तशा हसायचो, पेशंटचा नातेवाईक अंगावर आला की.

तुझ्या लेखी तो डबा. त्यांच्या लेखी ते अंगातले कपडे. वाळत घालतानासुद्धा माणूस ते मागच्या दोरीवर घालतो.

खिडकीत मी बघायचे, माणसं वय लपवायची, वजन लपवायची. एवढंच काय, डॉक्टरांसमोर काय खाल्लं तेही लपवायची. आम्ही कुणी त्यांना खोटारडं म्हणत नव्हतो. रिकामा डबा असला की त्याचं झाकण माणूस जास्त घट्ट लावतो. त्यातून कुणी प्रेमाने ते झाकण उघडायला आलं, तर त्या माणसाला दारातच थोपवण्याशिवाय दुसरा इलाज राहत नाही. मोठ्या दुकानाची पोरं पिशवी टाकून पळतात, तेच लोकांना बरं वाटतं. ती पोरं काही बघत नाहीत.

रंग अजून चालू आहे. रंगारी मधेच दुसरं काम धरून बसला. माझं जेवण व्यवस्थित, रोज दोन भाज्या.

ताई


१० मार्च

ताई,

पत्र मिळालं. मी काय चोर आहे? लोकांच्या घरात घुसून डबे फोडतो?

बाबा तीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात जात होते. त्यांना कधी कुणी दारात थोपवलं नाही. उलट म्हाताऱ्या त्यांची वाट बघायच्या. आज त्यांच्याच पद्धतीने मी काम करतो आणि माझी सख्खी बहीण मला सांगते की मी लोकांचे अंगातले कपडे बघतो. छान.

एप्रिल जवळ आला. खुर्चीला हो म्हणून टाकतो. तिथे डबे नसतात, पोती असतात. पोत्यांना काही वाटत नाही.

धाकटा


१६ मार्च

धाकट्या,

बाबा शेजारी होते. त्यांना लोक दुकानदार म्हणून नाही, शेजारी म्हणून आत घ्यायचे. आपल्या घरात काय शिजतं तेही साऱ्या गल्लीला माहीत असायचं. आपला डबा रिकामा असला की आई त्याच म्हाताऱ्यांकडे वाटी घेऊन तुला पाठवायची, आठवतं? तू आत जातोस, पण तुझ्या घरात कोण येतं? एकाला तरी ठाऊक आहे का, की तुझा फोन वाजत नाही?

एवढंच लिहायचं होतं. चिडून झालं की जेवून घे.

ताई


२३ मार्च

वन्सं,

हे पत्र मी लिहिते आहे हे ह्यांना माहीत नाही. माहीत झालं तरी हरकत नाही, पण तुम्ही सांगू नका.

तुमच्या पत्रातलं 'तुझा फोन वाजत नाही' हे वाचून हे माझ्याकडे बघत राहिले. फोन वाजत नाही हे बाहेर कुणाला कळू नये म्हणून आम्ही काय काय करतो ते तुम्हाला सांगते. हे मधूनच रिसीव्हर उचलून कानाला लावतात, बंद तर पडला नाही ना बघायला. आणि दुपारी ऑर्डर नसली तरी रिकामे क्रेट भरून गाडी बाहेर काढतात. गावभर चक्कर मारतात. शेजाऱ्यांनी गाडी उभी असलेली बघू नये म्हणून. तेल जळतं, पण मी काही म्हणत नाही. मीच क्रेटवर चादर टाकून देते, रिकामे दिसू नयेत म्हणून.

परवा मी ह्यांना एवढंच म्हटलं, "ही चादर आणि शिंपीणबाईच्या डब्याचं झाकण, यात फरक काय?" काल हे पहिल्यांदा एका दारात माल ठेवून, नमस्कार करून परत आले. घरी येऊन म्हणाले, "विचित्र वाटलं. हात रिकामे वाटले." मला त्यांची दया आली.

आता काय करावं ते तुम्ही सांगा. भावाचा रोज निरोप येतो. मला खुर्ची चालेल, पण ह्यांना नाही चालणार. त्या खुर्चीत हे वर्षात म्हातारे होतील.

आणखी एक. राग मानू नका. तुमची पत्रं ह्यांच्याआधी मी वाचते. जानेवारीतही दोन भाज्या आणि रंग, मार्चमध्येही दोन भाज्या आणि रंग. दोन महिने झाले. तुमचं घर दोन खोल्यांचं आहे, वन्सं.

तुमची भावजय


३१ मार्च

अगं,

रंगारी लोकांचा तुला अनुभव दिसत नाही. असो.

कामाचं बोलते. तुझ्या हातात फोन आहे, म्हणून तुलाच सांगते. यापुढे फोनवर 'काय संपलंय' असं विचारायचं नाही. 'काय पाठवू' एवढंच विचारायचं. नेहमीच्या घरांना 'मागच्यासारखंच ना?' म्हणायचं, म्हणजे त्यांना नुसतं हो म्हणावं लागेल. माल पिशवीत नको, पिशवीतून सगळं बाहेर दिसतं. झाकण असलेली पेटी करून घ्या. कुणी जास्त घेतलं, कुणी थोडंच घेतलं, हे जिन्यातल्या शेजाऱ्यांना कळता कामा नये. सगळ्या पेट्या एकाच मापाच्या. वार ठरलेला. दारात ठेवायची, घंटी वाजवायची, पण पोरांसारखं पळायचं नाही. दार उघडेपर्यंत थांबायचं, 'बरं आहे ना' विचारायचं आणि निघायचं. आत बोलावलं तरी पहिल्या दोन खेपांना नाही म्हणायचं.

आधी ज्या तिघांचं त्याने लिहिलं होतं त्यांच्याकडे जा. माफी मागायची नाही, नाहीतर पुन्हा तोच विषय निघेल. आणि घड्याळवाल्यांना पूर्ण पेटी द्यायची. दोघांची. एक दाणा कमी नको.

रिकाम्या गाडीवरची तुझी चादर मला आवडली. त्याला सांभाळ.

वन्सं


२८ एप्रिल

ताई,

हात सुतारासारखे झालेत. भावजयीने तुझं पत्र दाखवलं, मग जुन्या फळ्यांच्या पेट्या मीच केल्या. झाकणाला चामड्याचं बिजागर लावलंय. पहिल्या दोन पेट्यांची झाकणं उलटी बसली, त्या पेट्या तुझी भावजय चपला ठेवायला वापरते.

शिंपीणबाईकडे गेलो, पेटी दारात ठेवली. आत बायका होत्या. तिने पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बरं आहे ना?" आणि वळलो. दुसऱ्या आठवड्यात फोन आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिच्याकडे माप द्यायला येणाऱ्या दोघींचे फोन आले. तिने आमच्याबद्दल काय सांगितलं म्हणून तुझ्या भावजयीने विचारलं, तर त्या म्हणाल्या, "शिंपीणबाई म्हणते, तो माणूस फार बोलत नाही." मी! ताई, माझ्याबद्दल हे बोललं गेलंय, फ्रेम करून लाव.

नर्सबाईच्या दारात ती ड्यूटीवर असताना ठेवतो. रिकामी पेटी परत मिळते, पुसलेली. मागच्या खेपेला तिने स्वतःहून तांदूळ आणि डाळ मागवली. गाडीत बसून एकटाच हसलो, तेवढं चालेल ना?

घड्याळवाल्यांना पूर्ण पेटी नेली. त्यांनी दारातच झाकण उघडून बघितलं. सगळं दोन-दोन. चहाचा पुडा उचलून हातात धरला. मग म्हणाले, "ती आली की तिला हाच चहा लागतो." मी म्हटलं, "हो, म्हणूनच आणला." दर आठवड्याला पेटी जाते. उरलेलं ते काय करतात, मला माहीत नाही आणि आता मी बघणारही नाही.

घरं पुरेशी झाली. श्रीमंत होणार नाही, पण गाडी विकावी लागणार नाही. मेहुण्यांना नाही म्हणून कळवलं. ते म्हणाले खुर्ची वाट बघणार नाही. मी म्हटलं, न बघो बापडी. दुपारी आता गाडीवर चादर टाकत नाही. टाकायला जागाही राहत नाही.

तुला खरं सांगू? धंदा सुधारला, पण मला थोडं एकटं वाटतं. आधी प्रत्येक घर आतून माहीत होतं. आता नुसती दारं माहीत आहेत. तुझं बरोबर होतं. माझं प्रेम त्यांना नको होतं असं नाही, डब्यापर्यंत नको होतं. एवढं समजायला मला तुझी तीन पत्रं लागली.

आणि दुसरी एक गोष्ट समजायला तुझी भावजय लागली. तिने तुझी सगळी पत्रं माझ्यासमोर ओळीने मांडली आणि म्हणाली, "आता दुकानदार म्हणून नको, भाऊ म्हणून वाचा." मी वाचली. शिंपीणबाईला काय वाटलं हे तुला इतकं बारीक कसं कळलं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

मी काही विचारणार नाही. उद्याच्या मालाच्या ट्रकने तुझ्या नावाने एक पेटी पाठवतोय. झाकण नीट बसलेलं आहे. आत काय आहे ते लिहीत नाही, तुझ्याकडे काय आहे ते विचारत नाही. दोघांचं भरलंय. अर्धं केलेलं नाही. आणणाऱ्या माणसाला सांगितलंय, दारात ठेव, बाई दार उघडेपर्यंत थांब, बरं आहे ना विचार आणि निघ.

तुझा रंगारी काम संपवेल तेव्हा बोलाव. नाही संपवलं तरी चालेल.

धाकटा


८ मे

धाकट्या,

पेटी आली. तुझा माणूस दारात थांबला, बरं आहे ना विचारलं आणि गेला. मी हो म्हटलं. दार लावलं आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. तुझे भाऊजी गेले तेव्हा आल्यागेल्यांपुढे रडले होते, ते वेगळं. हे पहिल्यांदाच एकटीने.

पेटी तशीच दाराजवळ राहिली. येता-जाता पायाला लागायची. परवा उघडली. दोघांचं आहे, खरंच. यांचा चहा वेगळा आणि माझा वेगळा, हे तुझ्या लक्षात होतं. मला वाटलं नव्हतं.

आता सांगते. रंगारी कधी आलाच नव्हता. दोन भाज्याही नव्हत्या. हे गेल्यावर मी चूल पेटवायचीच बंद केली. चहा, ब्रेड, कधी तेही नाही. एकटीसाठी भांडी काढायची म्हणजे हात उचलत नाहीत. संपत गेले तसे डबे घासून फळीवर उपडे घालून ठेवले आणि पुन्हा भरले नाहीत. कपडे घट्ट झाले म्हणून लिहिलं होतं, ते शिवण घालून आत घ्यावे लागले. समोरची शेजारीण एकदा वाटीत काहीतरी घेऊन थेट आत आली. तिने ते उपडे डबे बघितले आणि "अगं बाई, हे काय गं" म्हणाली. चांगली बाई आहे. त्या दिवसापासून मी तिला दार उघडलेलं नाही. तुझं सात फेब्रुवारीचं पत्र वाचलं आणि तुझी सगळी गिऱ्हाइकं मला एकदम कळली. मी तुला शहाणपण शिकवत नव्हते रे. मी तुला माझ्या दारात थांबवत होते.

आज डबे सरळ केले. साखर ओतली तेव्हा केवढा आवाज झाला! इतक्या महिन्यांत या घरात असा आवाज झाला नव्हता. भात लावला. जास्त झाला, कारण एकाचं माप मला अजून येत नाही. मग समोरच्या शेजारणीच्या दारावर टकटक केलं. ती भात न्यायला माझ्याकडे आत आली आणि या खेपेला काहीच बोलली नाही. तिलाही कुणी पत्र लिहिलं की काय, कोण जाणे.

या रविवारी तुमची गाडी बंद असेल ना? ती घेऊनच दोघं या. येताना माल आणू नका.

आणि धाकट्या, दारात थांबायचं नाही. चपला काढ आणि सरळ स्वयंपाकघरात जा. एकूणएक डबा उघडून बघ. काही कमी दिसलं तर तिथूनच ओरड, बाबा ओरडायचे तसं. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकते.

ताई